सिपनाकाठी, गळाविना

परतवाड्याहून घटांगकडे घाट चढताना मुलाने तिसऱ्यांदा विचारले, "तिथे कयाक मिळेल ना?" परदेशातली कुटुंबे तळ्यात कयाक वल्हवीत मासे धरतात, अशा चित्रफिती तो रोज पाहतो. मागे माझे वडील बसले होते. त्यांच्या मांडीवर बांबूची जुनी गळकाठी होती.

१९७१ मध्ये शिक्षक म्हणून त्यांची पहिली नेमणूक मेळघाटात झाली. सेमाडोहच्या नावातच डोह आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. सागवनातून वाहणाऱ्या या नदीचे नावही तेच. उन्हाळ्यात धार आटली की पाणी डोहांत उरते आणि मासेही तिथेच गोळा होतात. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने पाण्याकडे बोट दाखवून "काकू, काकू" म्हटले. कुणी बाई बुडाली असे वाटून वडील धावत सुटले. कोरकूत काकू म्हणजे मासा. पुढे त्याच मुलाच्या बापाने त्यांना गळ टाकायला शिकवले.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, हे मला ठाऊक होते. वडिलांना मात्र मी ते सांगितले नव्हते. त्यांच्या उत्साहावर विरजण घालवले नाही, ही माझी सबब.

नदीकाठी तरुण वनरक्षकाने अदबीने सांगितले, "बाबा, काठी गाडीतच राहू द्या." वडिलांनी निमूटपणे ती माझ्या हाती दिली.

ही बंदी मला योग्यच वाटते. वाघ राखायचा तर त्याची नदीही राखली पाहिजे. पण माझी केवळ एक दुपार गेली. ज्यांच्या चुलीवर या डोहातला मासा शिजत होता, त्यांचे काय गेले, याचा हिशेब आम्ही पर्यटक कधी मांडत नाही.

वडील खडकावर बसून नातवाला कोरकू शब्द सांगू लागले. डा म्हणजे पाणी. काकू म्हणजे मासा. प्रवाहात तोंड धरून लावायच्या बांबूच्या सापळ्याचे नाव मात्र त्यांना आठवेना. त्यांनी वनरक्षकाला विचारले. तोही कोरकूच होता.

तो क्षणभर थांबला. "आजोबांना ठाऊक होतं," म्हणाला आणि पाण्याकडे पाहत राहिला.

परतताना मुलाने कयाकचे नाव काढले नाही.