तो लढाईत नव्हता

“तो लढाईत नव्हता. अपघात झालाय त्याला. त्याचं नाव नको.”

हे वाक्य माझं. २००३ च्या जानेवारीत, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या हायस्कुलात, प्रजासत्ताक दिनाच्या सत्काराची यादी करताना मी ते बोललो. यादी लिहिणाऱ्या क्लार्कनं मान वर करून विचारलं होतं, “सर, त्याचं घालू ना? पाय गेलाय त्याचा.” मी वरचं उत्तर दिलं आणि पुढच्या नावाकडे वळलो. खोलीत सहा-सात जण होते. कुणी काही बोललं नाही, कारण गावात अशा बाबतीत माझा शब्द चालायचा. त्या मुलाची मी पुढे माफी मागितली. पण वाक्य चारचौघांत बोललो होतो, तर कबुलीही चारचौघांत द्यायला हवी.

आमचा सगळा भाग फौजींचा. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावानं ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आमचं गाव तेवढं मोठ्या नावाचं नाही, पण दर आळीला एखादी हिरवी लोखंडी ट्रंक असते, वर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर लिहिलेली. शाळेत मी मराठी शिकवायचो आणि पहाटे पोरांना भरतीसाठी पळवायचो. सोळाशे मीटरची धाव, नऊ फुटी खड्डा, बीमवरचे पुलअप्स. ज्या पोराचं गणित सुटत नसे त्याच्या बापाला मीच सांगायचो, याला मिल्ट्रीत घाला. माझा स्वतःचा मुलगा त्या पहाटेच्या मैदानावर कधी नव्हता. त्याला मी साताऱ्याला क्लास लावला होता. यात काही विसंगत आहे असं तेव्हा मला एकदाही वाटलं नाही.

यादीतून वगळलेला हा मुलगा मात्र त्या मैदानावरचाच. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात लागला. पहिल्या सुट्टीत आला तो थेट शाळेत, माझ्या पाया पडायला. नाव लिहीत नाही, त्यालाच ते नको आहे.

१९९९ साली कारगिल झालं. त्या अडीच महिन्यांत मी जे केलं त्यातल्या बहुतेक गोष्टींची मला आजही लाज वाटत नाही. घुसखोर आपल्या हद्दीतल्या शिखरांवर बसले होते, त्यांना तिथून हटवणं भागच होतं. आम्ही निधी गोळा केला, पोरांकडून जवानांना पत्रं लिहून घेतली. ५२७ जवान गेले. शेजारच्या गावात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हा पंचक्रोशी लोटली होती आणि तिथं श्रद्धांजलीचं भाषण मी केलं. चांगलं झालं ते भाषण. लोक रडले. माझं बिघडायला सुरुवात झाली ती बहुधा तिथून, कारण त्यानंतर मला त्या भाषणांची सवय लागली. लढाई म्हणजे शिखर, शिखरावर झेंडा आणि गावात भाषण, असं एक चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. संताप सगळ्या देशाला होता आणि तो रास्त होता. आठवड्याभरात ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं, फौज सीमेकडे निघाली. सुट्टीवर आलेल्या पोरांना परत बोलावणं आलं. आमच्या गावातून एकाच दिवशी चौघं निघाले, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस पकडायला. एसटी थांब्यावर मी हार घेऊन उभा होतो. चौघांतल्या एकाची बायको आठव्या महिन्यात होती, ती थांब्यापर्यंत आली नव्हती. मी तिच्या घरी गेलो नाही. माझी घोषणा मात्र सगळ्यांत मोठी होती.

त्या संध्याकाळी पारावर सुभेदार आबा बसले होते. एकाहत्तरची लढाई लढलेला माणूस. मी म्हणालो, “आबा, आता एकदाचा निकाल लागला पाहिजे.” आबा शांतपणे म्हणाले, “गुरुजी, लढाई कधी करायची ते सरकार बघंल, जनरल बघतील. आपण पोरांच्या घरचं बघू. महिन्या-दीड महिन्यात ज्वारी काढायला येईल. चार घरांत कर्ता माणूस न्हाई.”

मी त्यांना उत्तर दिलं, “आबा, ही वेळ ज्वारीची नाही.”

ते काही बोलले नाहीत. पुढे ज्वारी त्यांनी आणि तालमीतल्या पोरांनी काढली. मी त्या दिवसांत वर्तमानपत्राला पत्रं लिहीत होतो. सरकार अजून थांबलंय कशाला, सीमा ओलांडा, देश तुमच्या पाठीशी आहे. १२ जानेवारीला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी भाषण करून लष्कर-ए-तोयबा आणि जैश-ए-मोहम्मदवर बंदी घातली, तेव्हा मी वर्गात सांगितलं की हा वेळकाढूपणा आहे, फसू नका. त्यात काही चूक होती असं नाही. पण फसू नका हे सांगताना पुढे जे करायचं त्याची किंमत कोण देणार, हा विचार मी पोरांसमोर एकदाही मांडला नाही. त्यांतली निम्मी पोरं दोन-तीन वर्षांत भरतीला उभी राहणार होती.

फेब्रुवारीत एका दुपारी सॅपर्समधल्या त्या मुलाची आई शाळेत आली. हातात कागद. तिला वाचता येत नव्हतं आणि पोस्टमननं सांगायचं टाळलं होतं. राजस्थान सीमेवर सुरुंग पेरताना स्फोट, डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला, प्रकृती स्थिर, एवढाच मजकूर. मी तो तिला वाचून दाखवला. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “लढाई सुरू झाली व्हय गुरुजी?”

मी म्हणालो, “नाही मावशी. अजून नाही. जिवावरचं पायावर निभावलं, देवाची कृपा म्हणा.”

ती खाली फरशीवरच बसली. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाच मिनिटांनी तासाची घंटा झाली आणि मी वर्गावर गेलो. तिच्यासोबत घरापर्यंत जाणं मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनात कुठंतरी असं होतं की ही ती बातमी नव्हे, जिच्यासाठी आपण तयार होतो.

मे महिन्यात जम्मूजवळ कालूचकला दहशतवाद्यांनी जवानांच्या बायकामुलांवर गोळ्या झाडल्या. पंतप्रधान वाजपेयी कुपवाड्याला जाऊन निर्णायक लढाईची भाषा बोलले. आता होणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. झालं नाही. ऑक्टोबरमध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं. दहा महिने लाखो माणसं वाळूत, धुक्यात, उन्हाळ्याच्या भट्टीत उभी होती, आणि मी गावात म्हणत होतो, “काहीच न करता परत आले.” त्या दहा महिन्यांतल्या लष्कराच्या हानीचा ७९८ हा आकडा पुढच्या वर्षी संसदेत सांगितला गेला. मी तो पेपरात वाचला आणि पान उलटलं. कारगिलचे ५२७ मला तोंडपाठ होते.

मग ती यादी, आणि २६ जानेवारी २००३. व्यासपीठावर वीरमाता होत्या, कारगिलमध्ये गोळी लागलेला एक नाईक होता, निवृत्त मंडळी होती. मी भाषणात म्हणालो की गेल्या वर्षी देशाची नामुष्की झाली, हात उगारला आणि खाली घेतला. टाळ्या पडल्या. मैदानाच्या कडेला लिंबाखाली तो उभा होता. नवा पाय बसवून, फुल पॅन्ट घालून. तोवर मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं होतं. मी त्याला पाहिलं. त्यानंही पाहिलं मला. कार्यक्रम संपल्यावर तो पाया पडायला आला नाही, आणि वाकणं त्याला आता जमत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आठ वर्षं आम्ही एकमेकांशी जेमतेम बोललो. गावात हे सहज जमतं, माणूस समोरून आला की दोघंही पाऊसपाण्यावर बोलतात.

२०११ मध्ये पत्नीच्या तपासण्यांसाठी माझं पुण्याला जाणं-येणं सुरू होतं. एकदा एसटीत तो शेजारी आला. कृत्रिम अवयव केंद्रात निघाला होता, पायाचं सॉकेट ढिलं झालं होतं. पत्नीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता, वेळ होता. मी म्हणालो, “येऊ का सोबत?” तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, “चला सर.”

हे केंद्र १९४४ सालचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जायबंदींसाठी काढलेलं. पुण्यात मी शंभरदा गेलो असेन, तिथं पहिल्यांदाच. तिथल्या बाकावर बसून त्यानं पाय काढला तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली. “बघा सर, काही नाही होत,” तो म्हणाला. उरलेल्या पायावर त्यानं लोकरीचे मोजे चढवले होते, एकावर एक पाच. वर्षानुवर्षं तो भाग बारीक होत जातो, मग सॉकेट हलतं, मग मोजा वाढवायचा. नवा होता तेव्हा एक मोजा पुरायचा. पाच झाले की समजायचं, माप द्यायला पुण्याला जायची वेळ झाली. उन्हाळ्यात आत घाम साचतो, कातडी सोलते, तेव्हा शेतात जाता येत नाही. मोज्यांच्या या हिशोबावर त्याचं वर्ष चालायचं, आणि त्याच्या घरापासून माझं घर दोनशे पावलांवर आहे.

वाट बघता बघता तो बोलला. दोरी ताणून ओळ धरायची, मापानं खड्डे करायचे, सुरुंग ठेवायचा, सगळ्यांत शेवटी सेफ्टी पिन काढायची. पिना खिशात जपायच्या, कारण शेवटी त्यांची मोजणी होते. जितके सुरुंग तितक्या पिना हातात आल्या पाहिजेत. माणसासाठीचा सुरुंग बूटपॉलिशच्या लहान डबीएवढा असतो. आत दारू मूठभरही नाही. तो पाय उडवण्यासाठीच बनवलेला असतो. रात्रीचं काम, थंडीनं बोटं बधिर, वरून घाई, कारण कधीही लढाई सुरू होईल असं सगळे म्हणत होते.

“कोण म्हणत होतं?” मी विचारलं.

“सगळेच. गावाकडनं पत्रं यायची ना. शाळेतल्या पोरांची पण आलेली, तुम्ही लिहून घेतलेली. लवकर लढा म्हणून.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “माझ्या खिशात त्या रात्री एकोणीस पिना होत्या सर. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं तेच विचारलं, पिना मोजल्या का.”

मी त्या बाकावर त्याची माफी मागितली. यादीचं वाक्य त्याला तेव्हाच, त्याच संध्याकाळी कळलं होतं. तो एवढंच म्हणाला की त्याला स्वतःचं काही वाटलं नाही, पण आई सहा महिने देवळात जायची थांबली होती. लोक विचारायचे, पोराचा अपघात कशानं झाला, मोटारसायकलवरनं का.

नंतर त्याच्या घरी बसून मी त्याचे पेन्शनचे कागद वाचले. त्यावर ‘वॉर इंज्युरी’ असं स्पष्ट होतं. सीमेवर सुरुंग पेरताना किंवा काढताना स्फोट होऊन आलेलं अपंगत्व सरकारच्या २००१ च्या आदेशात शत्रूच्या कारवाईतल्या जखमेच्याच वर्गात मोडतं. मी स्टाफरूममध्ये बसून यादी करत होतो तेव्हा तो नियम होता. सरकारनं त्याला युद्धात जखमी झालेला मानलं होतं. मानलं नव्हतं ते मी, ज्यानं त्याला सोळाशे मीटर पळायला शिकवलं.

युद्धाच्या बाजूनं असणं हा माझा गुन्हा होता, असं मी म्हणत नाही. कारगिलसारखी वेळ आली तर मी आजही म्हणेन, लढा. एखाद्याचं मत उलट असेल, तो म्हणेल नका लढू, तोही या देशाचा नागरिकच आहे. चूक अशी झाली की माझा पाठिंबा युद्धाच्या गोष्टीला होता आणि मी त्याला जवानांचा पाठिंबा म्हणत होतो. त्या गोष्टीत बसला त्याला मी हार घातला, बसला नाही त्याला यादीतून काढलं. ज्वारी काढणारे सुभेदार आबा लढावं की नाही यावर अवाक्षर न बोलता माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जवानांच्या पाठीशी होते.

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, २०२५ च्या मे महिन्यात, ७ तारखेला ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं आणि १० तारखेला थांबलं. त्या संध्याकाळी पारावर तरुण पोरं चिडून बोलत होती, “चार दिवसांत थांबले? काहीच न करता?” शस्त्रसंधीची घोषणा वाचून दाखवणाऱ्या परराष्ट्र सचिवांना आणि त्यांच्या घरच्यांनासुद्धा लोकांनी शिव्या घातल्या. मी त्या पोरांना उपदेश केला नाही. माझेच शब्द ते बोलत होते. मी त्यांना फक्त विचारलं, आपल्या गावची किती पोरं आत्ता सीमेवर आहेत आणि त्यांच्या घरात कोण कोण आहे. त्यांच्यापैकी एकालाही सगळी नावं सांगता आली नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या नावांची वही केली. अकरा घरं निघाली.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत २००२ च्या त्या दहा महिन्यांत सीमेवर जायबंदी झालेला कुणी असेल, तर त्याच्याकडे जा. त्याचे पेन्शनचे कागद मागून घ्या आणि नीट वाचा. जखमेची नोंद योग्य वर्गात आहे का ते बघा. नसेल, तर जाणकार माजी सैनिकाला सोबत घेऊन अर्ज करायला मदत करा.

शाळेच्या ओसरीत आता गावच्या जवानांचा फलक आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याचं नाव त्यावर आलं. रंगाऱ्यानं आधी ‘लढताना जखमी’ असं लिहिलं होतं. त्यानं स्वतः उभं राहून ते पुसायला लावलं. आता तिथं आहे : ऑपरेशन पराक्रम, राजस्थान सीमा, फेब्रुवारी २००२, सुरुंग पेरताना जखमी.