चतुर्थीतला माणूस

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगाव बुद्रुक लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्या पाण्यावरचा ऊस आणि त्या उसावरचा सहकारी साखर कारखाना, असा इथल्या अर्थजीवनाचा सरळ हिशेब आहे. गव्हाणीत मोळी पडली की गळीत हंगाम सुरू होतो आणि पुढचे काही महिने या पट्ट्यातील दिवसरात्र सूर्यावर नव्हे, पाळीवर मोजली जाते. तोडलेला ऊस पडून राहिला तर साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोड, वाहतूक, काटा आणि गाळप ही साखळी कोठेही तुटून चालत नाही. बॉयलरचा दाब किती, हे तासातासाला नोंदवले जाते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर किती दाब आहे, याची नोंद ठेवण्याची पद्धत उसाच्या पट्ट्यात नाही, औद्योगिक वसाहतीत नाही आणि आमच्या महाविद्यालयांतही नाही.

मुक्त विद्यापीठाच्या संपर्क सत्रांत शिकवताना ही गोष्ट मला विशेष जाणवत आली आहे. या वर्गातील बहुतेक विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकणारे असतात. हे पान वाचणाऱ्या तुमच्यापैकीही अनेक जण तसेच असतील. पाळी उतरून थेट वर्गात आलेला कामगार, पतसंस्थेच्या वसुलीवर फिरणारा लिपिक, सर्वेक्षणांचे तक्ते भरून थकलेली अंगणवाडी सेविका यांच्या तोंडी ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द मी क्वचितच ऐकला. ते म्हणतात, ‘जीव टांगणीला लागलाय’, ‘डोक्याला घोर आहे’, ‘कशात जीव रमत नाही’. माझा विषय भाषाविज्ञान असल्यामुळे माणसाच्या दुःखाआधी त्याच्या वाक्याकडे लक्ष जाण्याची खोड मला आहे. परंतु या बाबतीत वाक्याकडे लक्ष गेले तर दुःखही अधिक स्पष्ट दिसते, असा माझा अनुभव आहे.

एका कारखान्यात दीर्घकाळ रात्रपाळी करणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावर बसे. ‘काम जड जाते का?’ असे एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘काही वाटत नाही, सर.’ मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘मला त्याचे काही विशेष वाटत नाही’ हा एक. दुसरा अक्षरशः घ्यायचा: काहीही वाटेनासे झाले आहे, पोराच्या हसण्याचे नाही, पगाराचे नाही, आईच्या आजारपणाचेही नाही. त्याच्या वरिष्ठांनी पहिला अर्थ घेतला होता आणि ‘कुरकुर न करणारा माणूस’ म्हणून त्याच्या रात्रपाळ्या वाढवल्या होत्या. दुसरा अर्थ ऐकला तो त्याच्याच खात्यातील एका वयस्क सहकाऱ्याने. त्याने उपदेश केला नाही, ‘खंबीर हो’ असेही म्हटले नाही. जेवणाच्या सुट्टीत एवढेच विचारले, ‘तुला झोप लागती का रं?’ लागत नव्हती. पुढे तोच त्याला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि वरिष्ठांशी बोलून काही आठवड्यांसाठी दिवसपाळीही लावून घेतली. अशा वेळी उपयोगी पडणारे प्रश्न बहुधा असे साधेच असतात: झोप, जेवण, घरी बोलणे होते का. शिवाय त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरते, ही सोय थकलेल्या माणसासाठी लहान नव्हे.

आता त्या प्रश्नाचे व्याकरण पाहा. ‘तुला झोप लागत नाही’, ‘मला भीती वाटते’, ‘तिला कंटाळा आला’ या वाक्यांत माणूस चतुर्थीत आहे. क्रियापद भीतीप्रमाणे, कंटाळ्याप्रमाणे चालते. ‘मला मळमळते’ या भावकर्तरी प्रयोगाच्या परिचित उदाहरणात तर कर्ता असा उरतच नाही. भाषाविज्ञान अशा चतुर्थीतल्या माणसाला ‘अनुभव घेणारा’ म्हणते: तो करत नाही, त्याच्या ठिकाणी काही घडते. मराठीने मनाच्या जवळजवळ सर्व अवस्था याच साच्यात घातल्या आहेत. कारखान्याच्या आणि कचेरीच्या कागदांवर मात्र दुसरेच व्याकरण चालते. ‘त्याने कामात हयगय केली’, ‘तिने टाळाटाळ केली’: इथे माणूस तृतीयेत आहे, करणारा आहे, म्हणून दोषीही आहे. ज्याला काही सुचत नाही त्याने काम टाळले, अशी नोंद होते. चतुर्थीतल्या माणसाला तृतीयेत ओढण्याच्या या व्यवहाराला आपण शिस्त म्हणतो.

कर्मचाऱ्यालाही हे ठाऊक असते. म्हणून तो रजेच्या अर्जात मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत मांडतो. विभागप्रमुख या नात्याने असे अर्ज माझ्यापुढे येत असत. ताप, अशक्तपणा, पोटदुखी आणि फारच झाले तर ‘घरगुती अडचण’. तापाला कोणी हसत नाही. मन ठीक नाही असे लिहिले तर ‘येरवड्याला धाडा’ हा आपल्या जिल्ह्यातील जुना विनोद कोणीतरी करणार, याची खात्री असते. एका मनोरुग्णालयामुळे गावाचे नाव शिवीसारखे वापरले जावे, ही काही भाषेची श्रीमंती नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामाच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या अवस्थेचे वर्णन केले. तो रोग नव्हे, कामाशी निगडित स्थिती आहे, असे स्पष्ट करून तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. या तिन्हींना मराठीत घरगुती शब्द आहेत. शीण, उबग आणि हातपाय गळणे. माझ्या वर्गातील माणसे हे तिन्ही शब्द वापरत होती. त्यांना कोणी लक्षणे म्हणत नव्हते, इतकेच.

तरीही मराठीच्या या चतुर्थीचे मी निव्वळ कौतुक करणार नाही. ‘ताण आला’ असे म्हटले की पाऊस आल्यासारखे वाटते. तो कोठून आला, कोणी आणला, हे वाक्यात राहतच नाही. सोसणाऱ्याला दोषमुक्त करणारी ही रचना ताण देणाऱ्यालाही अलगद सोडून देते. २०२४ साली पुण्यातील एका मोठ्या लेखासंस्थेत रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेल्या २६ वर्षांच्या तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्या पत्राचे बळ, मला वाटते, कर्ता वाक्यात परत आणण्यात होते: काम कोणी दिले, किती वाजता दिले, सुट्टीच्या दिवशी कोणी बोलावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कर्मचाऱ्याला सहनशक्ती शिकवण्यावर भिस्त नाही. कामाची रचना बदलणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे यांना त्यात महत्त्वाचे स्थान आहे. योगवर्ग जरूर घ्यावेत. पण पाळीचा तक्ता तसाच ठेवून घेतलेला योगवर्ग म्हणजे आणखी एक हजेरीच.

कायदा काही पावले पुढे गेला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे लागते. जिथे शिक्षा होती तिथे शुश्रूषेची जबाबदारी आली. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक सूचनाफलकावर, अग्निशामक दलाच्या क्रमांकाशेजारी असावा.

मात्र सूचनाफलक ज्यांच्यासाठी नाही, अशी माणसे याच शिवारात दर हंगामाला येतात. बीड, अहिल्यानगर आणि इतर कोरडवाहू भागांतून येणारे ऊसतोड मजूर कारखान्याचे ‘कर्मचारी’ नसतात. मुकादमाकडून उचल घेऊन आलेले असतात. नवराबायको मिळून त्यांचे एक माप होते आणि त्या मापाला ‘कोयता’ म्हणतात. अवजाराचे नाव माणसांना पडले की त्या नावाला मन असण्याची अपेक्षा उरत नाही. एकाचा दिवस चुकला की ‘खाडा’ होतो आणि पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा खाड्याच्या धास्तीची चर्चा शहरांपर्यंत पोहोचली. शरीराच्या दुखण्याची ही गत असताना, खोपीत रात्रभर जागी राहणारी बाई ‘जीव घाबरा होतो’ हे कोणाला सांगणार?

बोलीतील शब्द टिपून घेण्यासाठी एका तळावर गेलो असता मुकादमाची वही पाहायला मिळाली. तारखांच्या चौकटीत खाड्यासाठी फुली होती. कारणाचा रकाना कोठे आहे, असे विचारले. तो म्हणाला, ‘कारण कशाला, सर? पैसं तेवढंच कापायचं असत्यात.’