आजीला विकायला ठेवलंय?

मुलांनो, जत्रेत तुम्ही पुष्कळदा गेला असाल. पण कधी टेबलाच्या पलीकडे, विकणाऱ्याच्या खुर्चीवर बसलात का? मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बसले. साताऱ्यात एक छोटीशी कलाजत्रा भरली होती. कुणी मातीच्या पणत्या आणल्या होत्या, कुणी वारली चित्रं काढलेल्या पिशव्या, आणि मी आणले होते मी काढलेले फोटो. एरवी खडू धरणारा हा हात रविवारी कॅमेरा धरतो, हे माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. आता तुम्हालाही कळलं!

फोटो विकायचे म्हणजे आधी ते कागदावर उतरायला हवेत. इथेच पहिली फजिती झाली. कास पठारावरची सीतेची आसवं कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय सुंदर निळी दिसत होती! छापून आली ती अगदी काळवंडलेली. कारण सोपं आहे. पडदा स्वतःच उजेड देतो. कागदाला ते जमत नाही. त्याच्यावर जेवढा उजेड पडेल त्यातलाच तो परत पाठवतो. म्हणून छापायचा फोटो आधी थोडा उजळ करून घ्यावा लागतो.

दुसरी फजिती गणिताची. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. मग ८ बाय १२ इंची फोटोला किती? २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके. मोबाइलवरून एकमेकांना पाठवलेला फोटो बहुतेक वेळा वाटेतच आक्रसतो. तो एवढा मोठा छापला की चित्र फुटतं. भावाने पाठवलेला खंड्या पक्ष्याचा फोटो मी असाच छापायला दिला. नव्वद रुपये पाण्यात गेले, खंड्याच्या मागोमाग!

आता किंमत. छपाई ९० रुपये, मागे-पुढे जाड पुठ्ठ्याची चौकट ६०, वर प्लास्टिक १०. झाले १६०. शिवाय टेबलाचं भाडं ८०० रुपये, आणि पहाटे उठून कासला जायचं एसटीचं तिकीट. मी चिठ्ठ्या लावल्या : मोठा फोटो ३५० रुपये, पोस्टकार्डाएवढा ३० रुपये.

पहिल्या दिवशी लोक यायचे, छान छान म्हणायचे आणि पुढे जायचे. एक काकू म्हणाल्या, "फोटोच ना? मला मोबाइलवर पाठवून द्या की!" शेजारच्या पणत्यांना मात्र असं कुणी म्हणत नव्हतं. संध्याकाळपर्यंत अकरा छोटे फोटो गेले आणि टोपली कारवीचा एक मोठा. ही कारवी कितीतरी वर्षांच्या खंडाने फुलते, हे मी गिऱ्हाइकाला इतक्या उत्साहाने सांगितलं, की बिचाऱ्याला घेण्यावाचून गत्यंतर उरलं नसावं. बाराही मिळून ६८० रुपये. भाडंसुद्धा सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे एक गृहस्थ एका फोटोपुढे थबकले. आमच्या गावातली एक आजी, अंगणात सुपात शेंगदाणे पाखडताना, तोंडभर हसते आहे. टरफलं हवेत उडालेली. माझा सगळ्यात आवडता फोटो. ते म्हणाले, "याच्या दोन प्रती द्या." म्हणजे ७०० रुपये! मी पिशवी काढली, आणि तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"बाई, ही तर माझी आजी!"

माझ्याच चौथीच्या वर्गातली मुलगी. (नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही.) वडिलांचा हात सोडून ती पुढे आली. तिने फोटो पाहिला, खालची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "आजीला विकायला ठेवलंय?"

सगळे हसले. मला काही हसू येईना.

फोटो काढताना मी आजींना विचारलं होतं. "काढा की, बाई," असं त्या म्हणाल्याही होत्या. पण तो साताऱ्याला नेऊन विकीन, असं मी म्हटलं नव्हतं. तेव्हा ते माझ्याही मनात नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवर साधारणपणे काढणाऱ्याचा हक्क असतो, हे मला माहीत होतं. पण तो कायदा त्या चौथीतल्या मुलीला सांगायचा कसा? हसू तर आजीचं होतं.

"माफ करा, हा फोटो आज देता येणार नाही. आधी विचारायला हवं," मी म्हणाले. गृहस्थ थोडे नाराज झाले. "मग मांडलात कशाला?" असं म्हणाले, आणि ते खरंच होतं. मात्र जाताना त्यांनी आपला फोन नंबर लिहून दिला.

परवा दिवशी फोटो घेऊन मी आजींकडे गेले. त्यांनी तो लांब धरून पाहिला. पदर नीट नाही म्हणाल्या. किंमत ऐकून तर डोळेच विस्फारले, "तीनशे पन्नास? कागदाचं?" मी त्यांना सगळं सांगितलं, विकला तर निम्मे पैसे तुमचे, हेही सांगितलं.

"त्यो मानूस ह्ये लावनार कुठं?"

"त्यांच्या घरात, भिंतीवर."

आजी गप्प झाल्या. मग समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे आजोबांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. "जित्या मानसाचा फोटू भिताडावर लावत्यात व्हय? मी अजून हाय की! नगं बाई."

मी पुण्याला फोन करून नकार कळवला. ते गृहस्थ हसले आणि त्यांनी कारवीचा फोटो मागवला, एकच. दोन दिवसांचा हिशेब शेवटी नव्वद रुपये तोट्यात गेला, म्हणजे त्या खंड्याएवढाच!

फोटो मी आजींनाच दिला. भिंतीवर नाहीच, त्यांनी तो ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला. "येळ आली की काढतील पोरं," म्हणाल्या.

शाळा सुरू झाल्यावर ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आजी दुपारी कुणी नसलं की ट्रंक उघडून बघते."