वैरण आणि दात

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा मागं टाकल्यावर माळेगाव लागतं. मार्गशीर्ष सरत आला की खंडोबाच्या यात्रेला तिथं घोडे, गाढवं, उंट येतात, लाल कंधारी आणि देवणी जनावरांच्या दावणी लागतात. गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून हात फिरवतं आणि मग त्याचा खालचा ओठ ओढून दात बघतं. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच, म्हणून सगळा हिशोब खालचा. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. दोन-अडीच वर्षांना पहिली पक्की जोडी येते, पाचाच्या आसपास आठही दात जुळतात. वय, उरलेलं बळ, बोलायची किंमत, सगळं त्या एका नजरेत ठरतं. आमच्या मुलखात तोंड बघणं ही जुनी विद्या आहे.

मी मात्र त्या रस्त्यानं मांडीवर टोपली घेऊन चालले होते आणि टोपलीत गुंडी होती, पुतणीची गिनीपिग. ऊन चढायच्या आत लातूर गाठायचं म्हणून पहाटेच निघालो होतो. आपल्याकडचा उन्हाळा या जिवाला सोसत नाही.

गुंडीचं दुखणं आधी तिच्या भुकेत दिसलं. कोथिंबिरीची पिशवी सळसळली की ती नेहमीसारखीच शीळ घालत धावत यायची. काडी ओढायची, दोनदा चावायची, मान एका अंगाला कलती करायची आणि काडी खाली टाकायची. परत तीच उचलायची. काकडीचा मऊ गर खायचा, सालीला तोंड लावायचं नाही. हनुवटीखालची लव सतत ओली. तराजूवर ठेवली तेव्हा नऊशे ग्रॅमचा जीव आठशेच्याही खाली आलेला. वडील सोप्यातून हे सगळं बघत होते. आयुष्यभर बैलं राखलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, “भूक हाय की तिला. दाढ दुखायली तिची.”

या प्राण्याला वीस दात असतात. पुढं वर दोन आणि खाली दोन, बाकी सोळा गालांच्या आत दडलेले. विसांचीही मुळं जन्मभर उघडी राहतात, त्यामुळे दात जन्मभर वाढतात. बैलाच्या दातावरून वय वाचता येतं, कारण तो येतो, थांबतो आणि मग झिजतो. गुंडीच्या दातात वय वाचता येत नाही. वाचता येतं ते मागच्या काही महिन्यांचं खाणं. दिवसभर वाळलेलं गवत चघळत राहिलं की त्यातल्या खरखरीत सिलिकानं दाढा वाढतील तशा घासल्या जातात. गवत कमी आणि दुकानातल्या दाणेदार गोळ्या जास्त झाल्या की दाढा वाढतात, पण झिजत नाहीत. खालच्या दाढा मुळातच आत झुकलेल्या असतात. त्यांची टोकं जिभेकडं सरकतात आणि कधी दोन्ही बाजूंनी वाढून जिभेवर पूल बांधतात. जीभ त्याखाली अडकते. घास दिसतो, त्याचा वास येतो, तो तोंडातही येतो, पण मागं सरकत नाही. भरल्या वाडग्यापुढं उपाशी राहणं म्हणजे काय, हे मी तोवर कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

दुसरं कारण क जीवनसत्त्वाचं. ते या प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही, माणसाच्याही होत नाही. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्वाचा पुढचा शोध त्या वाटेनं लागला. त्याची उणीव झाली की हिरड्या सैल पडतात, दात हलतात. ढोबळी मिरचीची एक फोड आणि चार काड्या कोथिंबीर रोज मिळाली तरी बरंच भागतं. माणसाला हे कळावं म्हणून ज्या जातीनं एवढं सोसलं, तिला हा हिरवा घास रोज मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. या भागातल्या डॉक्टरांचे हात गाई-म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्यांवर तयार झालेले. एवढ्याशा तोंडात शिरणारं हत्यार सगळीकडं कुठून असणार? एका ठिकाणी नुसते पुढचे दात बघून “सगळं ठीक आहे” म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं. पुढचे दात दिसतात, म्हणून तेच बघितले जातात. दुखणं बहुधा मागं असतं.

लातूरच्या डॉक्टरांनी तिला भूल दिली, बोटभर साधनानं जबडा उघडा धरला आणि आत उजेड टाकून मला बोलावलं. “या, बघा.” ओलसर गुलाबी गालांच्या मधली अरुंद फट. खालच्या डाव्या दाढेचं टोक तांदळाच्या कणीएवढं, आणि जिभेच्या कडेला त्यानं पाडलेली लाल चीर. एवढ्याशा टोकानं अख्खा जीव वाळत चालला होता. कातरीनं तोडलं तर दात उभा चिरतो, म्हणून त्यांनी बारीक फिरत्या कानशीनं ते घासून काढलं. वेदनेचं औषध दिलं आणि बजावलं, पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे कुणी लिहून दिलं तरी देऊ नका. त्यानं पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावरही दगावतं.

पुढचे दिवस सिरिंजचे होते. गोळ्या भिजवून, कुस्करून, गाळून त्यांची पातळ पेज करायची. गुंडीला टॉवेलात धरायचं आणि पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून बाजूनं थेंबभर सोडायचं. मग थांबायचं. जबडा हलायची वाट बघायची. तो पुढं-मागं सरकला, गळा हलला, की पुढचा थेंब. घाई केली तर पेज श्वासनलिकेत जाते. उशीर केला तर आतडी थंडावतात, कारण हे पोट चालू राहण्यासाठीच घडलेलं. रात्री पुतणी दिवा धरायची आणि गिळण्याच्या प्रत्येक हालचालीला पुटपुटायची, “गेलं, काकू, गेलं.”

गवताचं काम वडिलांनी आपणहून घेतलं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात जनावरांच्या वैरणीसाठी वणवण केलेली ही पिढी. वाळलेल्या काडीची किंमत तिला शिकवावी लागत नाही. बांधावरचं मारवेल आणि पवन्या ते कोवळ्या फुलोऱ्यात कापतात, सावलीत वाळवतात आणि एकेक मूठ सोडून त्यातलं काँग्रेस गवत वेचून टाकतात. लसूणघास बाजारात सहज मिळतो, पण त्यात चुना फार, मोठ्या गिनीपिगला त्यानं मूतखडा होतो. म्हणून तो बंद. दर रविवारी गुंडीचं वजन होतं आणि कॅलेंडरवर लिहिलं जातं. परवा आठशे साठ भरलं.

दाढ पुन्हा वाढणार, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. एकदा रेषा बिघडली की कानस आयुष्यभराची. पुढच्या महिन्यात परत लातूर. भूल द्यायची असली तरी हिला उपाशी आणायचं नाही, वाटेत खायला टोपलीत गवत ठेवा, असा त्यांचा निरोप आहे.