पाय माणसाचे, घोडा लाकडाचा

अणशीच्या रस्त्यावर गुरे भेटतात, नशीब असेल तर गवाही दिसतो. पण घोडा आमच्याकडे कुणाच्या गोठ्यात नाही. तरीही तो या मुलखाला परका नाही. शेजारच्या गोव्यात, सत्तरी-डिचोलीकडे, शिगम्यात घोडेमोडणी होते. डोक्याला फेटा, हातात तलवार, कमरेला लाकडी तोंडाचा घोडा आणि ढोल-ताशांचा गजर! माझी पत्नी धारवाडकडची. तिने हा नाच प्रथम पाहिला तेव्हा पटकन म्हणाली, "अहो, ही तर आमची कीलु कुदुरे!" राजस्थानात हीच कच्छी घोडी.

या घोड्याला स्वतःचे पाय नसतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे तोंड, मागे शेपूट. मधल्या पोकळीत माणूस उभा राहतो. कमरेच्या वर तो स्वार आणि खाली घोडा. स्वाराने ऐटीत बसायचे आणि त्याच वेळी पायांनी उधळायचे, हीच खरी कसरत. पंढरपूरला १९१५ साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी जन्मभर घोडे रंगवले. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल त्यांच्या घोड्यांमागे होता, असे म्हणतात. म्हणजे तेही घोडे लोकांच्या गर्दीतूनच आले.

मागे आमच्या विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनासाठी असा घोडा केला. अणशीचे जंगल १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान, २००७ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथल्या बांबूला हात लावायचा नाही. म्हणून एकाच्या परसातला बांबू आणला. कामट्या शेकून वाकवल्या, कागदाच्या लगद्याचे तोंड केले, काथ्याची आयाळ लावली. घोडा झाला छान, पण आत शिरलेला मुलगा ओझे वाहिल्यासारखा चालू लागला. बघायला आलेले त्याचे आजोबा म्हणाले, "बाबा रे, घोडा उचलू नकोस, त्याच्यावर बस." मुलाने पाठ ताठ केली, लगाम धरला, आणि घोडा उधळला.

आता गावची पोरे नोकरीसाठी गोव्याला, बेळगावला जातात. घोड्याचे तोंड वर्षभर माळ्यावर राहू शकते. त्याला चारा लागत नाही, पाणी लागत नाही; लागतो फक्त आत शिरणारा माणूस. तो नसेल तर संग्रहालयातही ते नुसते लाकूडच. आपल्या घरांत त्याला कुणी घोडा म्हणो, कुणी कुदुरे. सणाला चार दिवस पोरांना गावी आणा, म्हणजे त्याला पाय फुटतील.