होडीत काय अंथरावं?

समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, दुसरबीडच्या माणसाला होडीबद्दल कोणी विचारेल का? पण आमच्या ताईने विचारलं. ती मालवणला दिलेली. भाऊजींची लाकडी होडी तारकर्लीला खाडीत पर्यटक फिरवते. मागच्या वर्षी ओल्या फळीवरून ताईच्या सासूबाई घसरल्या आणि मनगट मोडलं. तिथे अंथरलेलं प्लॅस्टिकचं गवत उन्हाने विरून गेलं होतं. आता भाऊजींना ज्यूट हवं होतं, स्वस्त म्हणून. "तू आबांचा नातू ना, मग सांग!" इति ताई.

आबा म्हणजे आमचे आजोबा, अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचे. अंबाडी पाण्यात दाबून ठेवायची, दोन-तीन आठवड्यांत साल सुटते, मग धुवून वाख काढायचा. (तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको!) पण वळलेला कासरा आबा कधी ओला पडू देत नसत. जे पाण्यात तीन आठवड्यांत सुटतं, ते पुन्हा पाण्यात राहिलं तर कुजणारच की. ज्यूट त्याच गोत्रातलं. घायपाताचा वाख चिवट खरा, पण त्यावर पाण्याचे डाग पडतात आणि भिजून वाळताना तो आक्रसतो.

नारळाच्या सोडणाची गोष्टच वेगळी. जुन्या रीतीने ते खाऱ्या पाण्यात सहा महिने ते वर्षभर मुरवतात, तेव्हा कुठे काथ्या सुटतो. त्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर, ज्यूटमध्ये १२-१३. म्हणून तर आपल्या किनाऱ्यावर होड्याच काथ्याने शिवायचे. २०२५ साली नौदलात आलेलं 'कौंडिण्य' गोव्यात तसंच शिवून बांधलंय.

तेव्हा ताईला म्हटलं, काथ्याच घे. पण रबराच्या पाठीचा नको आणि फळीला चिकटवू तर मुळीच नको, खाली ओल कोंडते आणि चटईच्या आधी लाकूड जातं. उचलता येतील असे तुकडे कर, संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवून उभे वाळव. मीठ राहिलं की ओल धरतं.

काथ्या अनवाणी पायांना टोचतो, भिजला की जडही होतो. भाऊजींनी यावरून बरीच कुरकुर केली म्हणे. पण सासूबाई म्हणाल्या, "टोचूं दे, पाय तरी ठरतलो." वेंगुर्ल्याला मागणी दिली आहे.