जप्तीचा कागद

रेणापूरच्या रेणा नदीचे पाणी मांजरेतून गोदावरीस आणि गोदावरीतून पूर्वसमुद्रास मिळते, हे आम्हां मुलांस केवळ भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होते. प्रत्यक्षात वैशाखात तिच्या वाळूत झरे उकरून आम्ही घागरी भरत असू. १९७२च्या दुष्काळानंतरच्या वर्षी सावकाराच्या हुकूमनाम्याची दरखास्त घेऊन बेलीफ आमच्या दारी आला, त्याने जप्तीचा कागद चौकटीस खळीने चिकटवला आणि पंचांदेखत दावणीची बैलजोडी सोडून नेली, तेव्हा वडील ओसरीच्या खांबास टेकून उभे होते आणि त्यांच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही.

पुढे कायदा शिकताना दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम वाचनात आले. शेतकऱ्याची औते, त्याच्या उपजीविकेस अवश्य असलेली जनावरे आणि बियाणे यांवर जप्ती आणता येत नाही, असे त्यात १९०८ पासून लिहिलेले आहे. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो; आमचे बैल कायद्याने नेले नव्हते, कायदा सांगणारा कोणी त्या दिवशी ओसरीवर नव्हता म्हणून ते गेले होते.

मुंबईस ज्या ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी केली, त्यांचे काम जहाजांच्या दाव्यांचे. मालक एका देशी, नोंदणी दुसऱ्या देशी आणि खलाशी तिसऱ्याच देशाचे, अशा व्यवहारात माणूस हाती लागत नाही. म्हणून तेथे जहाजच प्रतिवादी होते आणि न्यायालय जहाजासच अटक करते. शेरीफच्या कचेरीतील इसमाबरोबर लाँचमधून बंदराबाहेर जाऊन, दोराच्या शिडीने मी पहिल्यांदा एका जहाजावर चढलो आणि त्याने सुकाणूच्या खोलीच्या काचेवर हुकूम चिकटवला, तेव्हा तो कागद मी तत्काळ ओळखला. मात्र येथे भोवती उभ्या असलेल्या, कित्येक महिने पगार न मिळालेल्या खलाशांचे चेहरे उजळले होते. एकच कागद, पण या वेळी तो कोणाच्या बाजूने आला होता!

मुरगावहून निघालेल्या आणि विशाखापट्टणमला अडवलेल्या ‘एलिझाबेथ’ जहाजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली उच्च न्यायालयांचा हा अधिकार १८६१च्या इंग्रजी कायद्याच्या चौकटीतून मोकळा केला, हा निकाल मी आजही आदराने वाचतो. १ एप्रिल २०१८ पासून अंमलात आलेल्या नव्या अधिनियमात तर जहाजावरील सागरी हक्कांच्या क्रमात खलाशांचे वेतन पहिले ठेवले आहे. तारण घेणारी बँक त्यामागून येते. जमिनीवर सालगड्याच्या मजुरीला असा मान मी कोठे पाहिला नाही.

साठावे कलम अद्याप कायम आहे. रेणापूरकडच्या तरुण वकिलांना माझी विनंती आहे की, कोणाच्या दारावर असा कागद लागल्याचे कानी आले, तर वकालतनाम्याची वाट न पाहता त्या ओसरीवर जावे आणि ते कलम मोठ्याने वाचून दाखवावे.